इंटरकूलरवाले सर

शाळा सुटल्यावर आमचे चित्रकलेचे सर मैदानाच्या कडेला वाऱ्याकडे तोंड करून उभे राहायचे. डोळे मिटलेले, शर्टाची वरची बटणं उघडी, हात अंगापासून थोडे दूर धरलेले, जणू स्वतःलाच वाळत घातलंय. मी त्या शाळेत भूगोल शिकवायला नवीनच रुजू झाले होते. पहिल्याच आठवड्यात त्यांना असं उभं पाहिलं आणि घेरी येतेय की काय असं वाटून पाण्याचा तांब्या घेऊन धावले.

डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "बाई, आज वारा कुठनं येतोय?"

"पश्चिमेकडून," मी म्हणाले. भूगोलाच्या बाईला एवढं तरी यायला हवं.

"ते पुस्तकात. इथं तो आधी पिंपळात शिरतो, तिथनं वळून शाळेच्या भिंतीला लागतो आणि मग माझ्याकडे येतो. म्हणून त्याला चुन्याचा वास आहे." मग डोळे उघडून त्यांनी तांब्या घेतला आणि घटाघटा रिकामा केला. तहान लागलीच होती म्हणाले.

शाळा किन्हवलीपासून थोडी आत होती. नव्वदीच्या दशकाची मधली वर्षं. मी किन्हवलीत खोली घेऊन राहायची आणि सर धसईच्या बाजूच्या त्यांच्या गावाहून जीपने यायचे. उंच, सडपातळ, कान थोडे पुढे आलेले. लग्न केलेलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची आई. बोटांना सदा कसला ना कसला रंग लागलेला असे आणि त्या रंगावर गाडीचं काळं तेल. तपासलेल्या चित्रांच्या कोपऱ्यावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटायचा. मुलं तो ठसा एकमेकांना दाखवायची आणि कुणाचा जास्त ठळक यावर भांडायची.

त्यांची जीप जुनी होती, डिझेलवर चालणारी, कापडी टपाची. कुठल्याशा लिलावातून घेतलेली. ती आली तेव्हा त्यांनी तिचा जुना रंग खरवडून काढला, तांबडा प्रायमर मारला आणि पुढे रंग दिलाच नाही. चित्रकलेचा मास्तर आणि गाडीला रंग नाही म्हणून सगळे हसत. "कुठला रंग देणार, सर?" असं विचारलं की ते म्हणत, "ठरतंय."

हा त्यांचा आवडता शब्द. मुख्याध्यापकांनी विचारावं, "सर, गुण भरून झाले का?" तर उत्तर, "ठरतंय." लग्नाचं काय, तर "ठरतंय." जेवायला येताय का, असं विचारलं तरी तेच. त्यात टाळाटाळ नसायची. खरंच कुठेतरी आत काहीतरी ठरत असायचं आणि ते बाजूला बसून त्याची वाट बघत असायचे.

एकदा सातवीच्या वर्गात त्यांनी फळ्यावर काहीच काढलं नाही. म्हणाले, "आज वारा काढा." नेमके त्याच दिवशी तपासणीला साहेब आले. साहेब बाकांमधून फिरायला लागले. कुणी नारळ वाकवले होते, कुणी छत्री उलटी केली होती, एकानं आजोबांचं धोतर उडवलं होतं. शेवटच्या बाकावर डोंगरातल्या पाड्यावरून येणारी एक मुलगी बसली होती. तिचा कागद कोराच. फक्त एक कोपरा दुमडलेला.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

ती उभी राहून म्हणाली, "इथनं आला नि गेला."

सर खिडकीपाशी उभे होते. त्यांनी तिथूनच सांगितलं, "हिला पैकीच्या पैकी." जाताना साहेबांनी तो कागद मागून घेतला आणि घडी न मोडता पिशवीत ठेवला.

अशा माणसाच्या हाती इंटरकूलर कसा लागला, ते सांगते.

आम्ही काही शिक्षक कसल्याशा प्रशिक्षणासाठी मुरबाडला गेलो होतो आणि नाक्यावर चहा पीत उभे होतो. समोर एक नवाकोरा ट्रक येऊन थांबला. त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, टर्बो इंटरकूलर. सरांनी ते शब्द हळूच वाचले, मग परत वाचले. ट्रक निघून गेला तरी ते रस्त्याकडे बघत राहिले. चहावर साय धरली.

"बाई, आतला गारवा," ते म्हणाले. "गाडीच्या आत गारवा असतो म्हणजे काय असेल?"

तिथूनच ते ओळखीच्या मिस्त्रीकडे गेले. नाक्याच्या पलीकडे चिंचेखाली त्याचं गॅरेज होतं. मीही सोबत होते म्हणून ते सगळं ऐकलं. मिस्त्रीनं सांगितलं ते मलासुद्धा कळलं. इंजिनाला डिझेलबरोबर हवा लागते. हवा कमी पडली तर डिझेल अर्धंमुर्धं जळतं आणि काळा धूर निघतो. टर्बो म्हणजे एक छोटी चक्की, ती हवा दाबून इंजिनात कोंबते. पण दाबली की हवा तापते, सायकलला हवा भरताना पंप तापतो तशी. आणि तापलेली हवा फुगते, मग कोंबून उपयोग काय? म्हणून ती वाटेत एका जाळीच्या डब्यातून फिरवतात. त्या जाळीला बाहेरचा वारा लागतो आणि आतली हवा गार होते. तो डबा म्हणजे इंटरकूलर. गाडीच्या अगदी तोंडाशी लावतात, पहिला वारा त्याला मिळावा म्हणून.

"म्हणजे वाऱ्यानं वारा गार करायचा," सर म्हणाले.

"तसंच काय ते," मिस्त्री म्हणाला.

"आणि धूर जातो?"

"पुष्कळसा जातो."

सर चिंचेखालच्या दगडावर जाऊन बसले. तिथून मला म्हणाले, "बाई, आता आईला मावशीकडे नेता येईल."

सरांच्या आईला एकच बहीण. ती घाटाच्या वर, मढच्या पलीकडच्या एका गावात दिलेली. दोघींनी मुलीपणी डोक्यावर तांदळाची गाठोडी घेऊन नाणेघाटाची पायवाट चढलेली, वरच्या बाजारासाठी. मग लग्नं झाली, एक वर राहिली, एक खाली. पूर्वी माणसं चालत जायची तेव्हा भेटी व्हायच्या. गुडघे गेले आणि भेटी थांबल्या. एसटीत आईला वासानं मळमळायचं. सरांनी जीप घेतली ती खरं तर तिला वर नेण्यासाठीच. पण चढणीला लागली की त्या जीपमधून असा काळा धूर निघे की मागच्या कापडातून सगळा आत यायचा. जन्मभर चुलीपुढे बसून आईची छाती आधीच भरलेली. घाट सुरू होण्याआधीच तिला धाप लागे आणि सर गाडी वळवून घरी आणत.

मी एकदा विचारलं, "भाड्याची चांगली गाडी का करत नाही, सर?"

"आईला विचारा," ते म्हणाले.

मी खरंच विचारलं. बुटकी, काळीसावळी, डोळ्यांत मिश्किली असलेली बाई. ओट्यावर बसून वाल निवडत होती. मला म्हणाली, "लोकांच्या गाडीत मला वकारी झाली तं मी तोंड कुठं लपवू, बाई? पोराच्या गाडीत वकले तं पोरगा धुवंल. तो लहान व्हता तवा मी त्याचं काय कमी धुतलं?"

मी तिच्यासमोर बसून वाल निवडायला लागले.

भंगारातून टर्बो आला, कुठल्या तरी मोडक्या गाडीचा इंटरकूलर आला. मिस्त्रीनं रेडिएटरच्या, म्हणजे इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या जाळीच्या, अगदी पुढ्यात, त्याला चिकटूनच तो बसवला, नळ्या वाकवून जोडल्या. काम चालू असताना सर शेजारी स्टूल टाकून बसत. हातात वही नाही, हत्यार नाही, नुसते बघत. मिस्त्री वैतागे. म्हणे, "सर, तुमी बघताय तं माजा हात चुकतोय." मग सर तोंड दुसरीकडे करून बसत, पण कान तिकडेच.

सरांकडे वैशाखी पौर्णिमेला खीर असायची. त्या वर्षी आईनं ठरवलं, खीर बहिणीच्या हातची खायची, आणि आपल्या हातची तिला द्यायची. शाळेला सुट्टी लागली होती. मी गावी जायच्या तयारीत होते. आईनं निरोप पाठवला, "बाई, तुमी पन चला. वाटंत मला काय झालं तं एक बाईमानूस सोबत बरं."

सकाळी निघालो. आई पुढे, सरांच्या शेजारी, मांडीवर खिरीचा डबा घट्ट धरून. मी मागे. गाडी हमरस्त्याला लागली आणि एक बारीक शीळ ऐकू यायला लागली. वेग वाढला की शीळ वाढायची.

"कोन शीळ घालतो रे?" आईनं विचारलं.

"गाडी, आई. टर्बोचा आवाज आहे."

"बाईमानसं बसलीत नि शीळ घालते! तुजीच गाडी."

मी मागे वळून बघितलं. धूर नव्हता. पळसाची पानं आणि रस्ता तेवढा मागे जात होता. वैशाखरे गेलं, मोरोशी गेलं, डावीउजवीकडे उन्हात डोंगर विरघळल्यासारखे दिसत होते, आणि आई न खोकता बसली होती. सर गुणगुणत होते. त्यांना गाणं येत नसे, नुसता सूर धरत. घाट सुरू झाला तरी गाडी दमली नाही. मला वाटलं, झालं, पोचलोच.

मग सरांचं गुणगुणणं थांबलं. पुढच्या फळीवर पाण्याच्या उष्णतेचा काटा असतो, तो वर सरकत होता. आणखी एक वळण झालं आणि काटा तांबड्यात गेला. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. सरांनी गाडी कठड्याला लावली.

बॉनेट उघडलं तेव्हा आत खदखदण्याचा आवाज येत होता. रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नसतं, म्हणून आम्ही नुसते उभे राहिलो. ऊन असं की कठड्याला हात लावता येत नव्हता. सरांनी पुढच्या इंटरकूलरच्या नळीवर हात ठेवला. मग मागच्या रेडिएटरजवळ हात नेला आणि झटक्यानं मागे घेतला.

"हा बरा आहे, बाई," ते म्हणाले. "ह्याच्या मागचा जळतोय."

पाणी निवलं, भरलं, पुन्हा निघालो. दोन वळणांत काटा पुन्हा तांबड्यात. पुन्हा थांबलो. एक ट्रकवाला थांबून म्हणाला, पुढे चढ आणखी खडा आहे, उतरा खाली. आई कठड्याच्या सावलीत बसली होती. तिनं वरच्या डोंगराच्या कडेकडे बघितलं, बराच वेळ बघितलं.

"माग फिर रे," ती म्हणाली.

"आई, अजून एकदा—"

"गाडी मारशील. फिर."

मग तिनं डबा उघडला. खीर उन्हानं आंबायला लागली असती, म्हणून आम्ही तिघांनी ती तिथेच कठड्याशी बसून खाल्ली. सरांनी दोन घास खाल्ले आणि डबा खाली ठेवला. खाली सगळा मुरबाडचा सपाट मुलूख धुरकट पसरलेला होता. उतरताना शीळसुद्धा नव्हती.

मिस्त्रीनं एका वाक्यात निकाल दिला. "सर, तुमी हवा गार कराया गेलात नि पानी तापवून बसलात." त्याचं म्हणणं, काढून टाका. रेडिएटरच्या नाकासमोर दुसरी जाळी उभी केली, तिनं वारा अडवला, आणि जो थोडा आत गेला तो तिनं आधीच तापवून दिला. मागच्या रेडिएटरला काय मिळणार?

"काढला तर धूर येईल," सर म्हणाले.

"येईल."

"मग नको."

"मंग पानी तापंल."

"ठरतंय," सर म्हणाले आणि उठले.

पावसाळ्यात शाळा सुरू झाली. मी नववीला पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवत होते. नकाशावर काठी ठेवून सांगत होते की समुद्राकडून येणारे वारे सह्याद्रीला अडतात, पाऊस इकडे पडतो आणि डोंगरामागचा मुलूख कोरडा राहतो. मागे दारात सर केव्हा येऊन उभे राहिले कळलं नाही. त्यांनी मुलांसारखा हात वर केला.

"बाई, डोंगर हलवता येत नसेल तर मागच्या गावानं काय करावं?"

वर्ग हसला. मीही हसले. म्हणाले, "खिंड शोधावी. वारा खिंडीत शिरतो."

"पण त्याला बाजूनं पळायला वाट असली तर?"

"मग तो बाजूनंच जाईल. त्याला काय पडलंय?"

ते तसेच वळून निघून गेले. त्या दिवशीचा त्यांचा तास मलाच घ्यावा लागला.

दोन दिवसांनी शिवणाच्या बाईंकडून त्यांनी लोकरीचे तुकडे मागून आणले, लाल, पिवळे, निळे, आणि जीपच्या तोंडावर सगळीकडे बांधले. जाळीवर, दिव्यांच्या भोवती, दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर. पावसानं उघडीप दिलेल्या एका दुपारी मला म्हणाले, "चला, तुम्ही बघायचं, मी चालवतो." मी जीपच्या बाजूला बाहेर वाकून बसले, एका हातानं टपाची दांडी धरून. शेणव्याच्या रस्त्याला सरळ पट्टा आहे, तिथे गाडी पळवायची आणि कुठली लोकर कुठे वळते ते मी ओरडून सांगायचं. दोन्हीकडे भाताची ओली खाचरं, बायका आवणी करत होत्या. त्या कंबरा सरळ करून बघायला लागल्या.

"सर, लगीन कुनाचं?" एकीनं विचारलं.

"ठरतंय!" सर ओरडले, आणि सगळं शिवार हसलं.

मला मात्र त्या रंगीत धाग्यांवरून डोळे काढवत नव्हते. मधले धागे जाळीपर्यंत जात आणि तिथे गोंधळल्यासारखे थरथरत. कडेचे मात्र सरळ बाहेर वळून गाडीच्या अंगाला चिकटत. मी जन्मभर वाऱ्याचे बाण नकाशावर काढत आले. वारा असा डोळ्यांनी पहिल्यांदाच बघितला.

"दारापर्यंत येतोय, सर," मी ओरडले. "पण आत न जाता बाजूनं निघून जातोय!"

त्यांनी गाडी थांबवली. खाली उतरून पुढे गेले, गुडघ्यांवर बसले आणि जाळीला हात लावून म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. इकडे दोन भिंती, तिकडे मोकळं रान. मी पण बाजूनंच गेलो असतो."

मग पावसाळा आणि हिवाळा त्यांचं तेच चाललं. खाद्यतेलाचे रिकामे डबे फाडून ते पत्रा कापत. आधी पुठ्ठ्याचा आकार, मग पत्र्याचा. इंटरकूलर त्यांनी पुढे आणि थोडा खाली सरकवून घेतला, म्हणजे रेडिएटरला काही ताजा वारा वरून थेट मिळावा आणि दोघांच्या मध्ये हात जाईल एवढी जागा राहावी. दोन्ही बाजूंना पत्र्याचे गाल बसवले, शिरलेल्या वाऱ्याला पळता येऊ नये म्हणून. रेडिएटरच्या मागे पंख्याभोवती गोल कडं केलं, पंख्यानं इकडची तिकडची हवा न ओढता जाळीतूनच ओढावी म्हणून. पहिलं कडं पंख्याला घासलं आणि चुरा झालं. दुसरं सैल झालं. मिस्त्री आधी हसायचा, मग हसेनासा झाला, मग स्वतःच म्हणाला, "सर, ह्या फटीत सायकलची ट्यूब कापून लावू. तितूनबी हवा पळते." त्या दिवशी सरांनी त्याला दोन कप चहा पाजला.

मध्येच वरून निरोप आला. घाट उतरून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरनं धसईच्या बाजारात कुणाला सांगितलं, त्यानं सरांच्या घरी. मावशीला दिसेनासं झालंय. नवरा मागेच गेलेला, मुलगा दूर नोकरीला. शेजारचे भाकरी आणून देतात.

आईनं ते ऐकून घेतलं. संध्याकाळी सरांना म्हणाली, "मी तिला नाय दिसले तरी ती मला दिसंल ना?"

पुन्हा वैशाख आला. ऊन मागच्यासारखंच. पुन्हा आम्ही तिघं, पुन्हा खीर. मिस्त्रीनं आदल्या दिवशी गाडी शेवटची तपासली होती आणि "सर, आता देवाचं नाव घ्या" असं म्हणाला होता. सर देवाचं नाव घेणारे नव्हते. ते काट्याकडे बघत गाडी चालवत होते. मी पण मागून मान लांब करून काट्याकडेच बघत होते. आई तेवढी बाहेर बघत होती.

घाट लागला. काटा सरकला, मध्याच्या वर गेला आणि तिथे थांबला. एक वळण, दुसरं वळण. जिथे आम्ही खीर खाल्ली होती तो कठडा आला आणि गेला. सरांच्या कानामागून घाम ओघळत होता. तेवढ्यात आई म्हणाली, "थांबव."

"काय होतंय, आई? मळमळतंय?"

"नाय. करवंदं दिसतात. तिला नेयाची."

सर अक्षरशः रडकुंडीला आले. "आई, आता नको. थांबलो की वारा थांबतो. वारा थांबला की गाडी तापते."

"लहानपनी आमी ह्याच डोंगरातली तोडायचो. थांबव."

त्यांनी थांबवली. इंजिन चालूच ठेवलं. आई उतरली आणि पदराची झोळी करून करवंदाच्या जाळीपाशी गेली. एकेक करवंद हातात घेऊन ती दाबून बघे, पिकलेलं असलं तर झोळीत, नाहीतर पुढचं. इतकी सावकाश की जणू अख्खा घाट तिच्यासाठी थांबलेला आहे. मी तिला मदत करायला उतरले, पण मी तोडलेली तिला पसंत पडेनात, म्हणून मी गाडीच्या दाराशी येऊन उभी राहिले. सर आतच बसून होते, दोन्ही हात सुकाणूवर, नजर काट्यावर. पंखा आतून हवा ओढत होता, त्याचा एकसारखा घुमणारा आवाज येत होता. काटा थोडा वर चढला. मग तो तिथेच राहिला. तांबड्याच्या खाली, पण तिथेच.

सरांनी सुकाणूवरचे हात काढले. दारातून खाली उतरले आणि आईजवळ जाऊन उभे राहिले. "ह्या बाजूची जास्त पिकलीत, आई," ते म्हणाले. मग आम्ही तिघांनी मिळून झोळी भरली. खालच्या दरीत उन्हाचा धूसर पडदा हलत होता. आईच्या ओठांना जांभळा रंग लागला होता. मी आजवर तिला एवढी तरुण बघितली नव्हती.

मावशी ओट्यावर बसली होती. गाडीचा आवाज ऐकून तिनं मान वर केली, पण नजर भलतीकडे. आई काही न बोलता जाऊन तिच्यापुढे बसली. मावशीनं हात पुढे केला, आईच्या गालावरून, कानावरून, मानेवरून फिरवला.

"वाळलीस गो किती."

"तुला काय दिसतं?"

"हाताला दिसतं."

आईनं एक करवंद तिच्या तोंडात घातलं. मावशीनं चावलं, तोंड वाकडं केलं. "आंबट! तवाबी मला आंबटच द्यायचीस. ग्वाड ग्वाड सोता खायाचीस." दोघींचं भांडण सुरू झालं, ते दुपारपर्यंत चाललं. आम्ही खीर खाल्ली. सर अंगणात चिंचेखाली आडवे झाले आणि त्यांना गाढ झोप लागली.

ऊन कलल्यावर सर उठले, तोंड धुतलं, गाडीत पाणी बघितलं. "चल, आई."

आई उठली नाही. मावशीचा हात तिच्या हातात होता.

"मी रायते."

"किती दिवस?"

"ती हाय तवर."

सर उभेच राहिले. मला वाटलं, ते म्हणतील, मग माझं काय? एवढा सगळा खटाटोप केला तो तुला भेटवून परत न्यायला. आई म्हणाली, "हिला कोन हाय? तुला गाडी हाय. तू चांगली केलीस म्हनून तं रायते. तू येशील ना रे दर रैवारी?"

"येईन," सर म्हणाले.

"मंग."

त्यांनी वाकून आईच्या पायांना हात लावला, मावशीच्या लावला आणि गाडीत जाऊन बसले. मी पुढच्या सीटवर बसले. आईची जागा होती ती.

उतरताना गाडीला काही कष्ट नव्हते. काटा अगदी खाली. समोर सगळा कोकणातला मुलूख उन्हात निजल्यासारखा पडलेला, भातखाचरांचे चौकोन, मध्येच एखादं तळं चमकणारं. घाट संपत आला तेव्हा सरांनी एकदम विचारलं, "बाई, वालाच्या आमटीत आमसूल कधी घालतात? आधी की शेवटी?"

"शेवटी," मी म्हणाले. "आधी घातलं तर वाल शिजत नाहीत."

"आणि मीठ?"

मग मी त्यांना सांगत गेले. आदल्या रात्री वाल भिजत घालायचे, मोड येऊ द्यायचे, सोलायचे. फोडणीला राई, हिंग, कढीपत्ता. ओलं खोबरं लसणाबरोबर वाटून. गूळ थोडा. ते एखाद्या विद्यार्थ्यासारखे प्रत्येक गोष्ट मागोमाग म्हणत होते, राई, हिंग, कढीपत्ता, मध्येच विसरत होते, पुन्हा विचारत होते. मोरोशीच्या अलीकडे त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं. मी बाहेर बघितलं आणि सांगत राहिले, झाकण ठेवून मंद आचेवर, फार ढवळायचं नाही, वाल मोडतात.

"मोडतात," सर म्हणाले, आणि मान हलवून समोरचा रस्ता बघत गाडी चालवत राहिले.